सातव्या कपाचा नवस

नाही, पण मी म्हणते, एखाद्या संघानं माणुसकी म्हणून कधीतरी एक अंतिम सामना हरायला काय हरकत आहे? हरले की घरातली माणसं दोन दिवस ताटावरून उठतात, तिसऱ्या दिवशी मसूर शिजवली की मुकाट जेवतात, विषय संपतो. बरं, हरणं येत नाही असंही नाही. लीगमध्ये हरतात की, असे सपाटून हरतात की बघवत नाही. पण तो एक कप... तो बिनकानाचा, पंधरा किलोचा, चांदीचा हंडा, युएफाचा... तो समोर ठेवून आमच्या सेवियाला अंतिम सामन्यात उभं करा, जिंकलेच. सात वेळा गेले आणि सात वेळा घेऊन आले. इतक्यांदा तो हंडा उचललेला दुसरा संघ अख्ख्या युरोपात नाही. तुम्ही म्हणाल, मग एन्कार्ना, तुझं कुठं दुखतंय? अहो, कप खेळाडू उचलतात, पण नवस कोण फेडतं?

मी फेडते. दुसरं कोण?

तुम्हाला सांगते, सुरुवात अगदी साधी झाली. दोन हजार सहा साल. त्याआधी अठ्ठावन्न वर्षं आमच्याकडे एक मोठा कप आलेला नव्हता, अठ्ठावन्न. माझे सासरे सभासद, त्यांचे वडील सभासद, आणि सासरे त्याच हिवाळ्यात गेले, काही न बघता. त्यामुळे आमचे हे, लिआंद्रो, अंतिम सामन्याला बसले ते वडिलांचा मफलर मांडीवर घेऊन. माझ्याच्यानं ते बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिजशेजारी आमच्या कॅथेड्रलातल्या राजांच्या माउलीची, म्हणजे मरियामातेची, तसबीर आहे, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, माउली, हा एवढा दे, माझी वेणी तुला वाहते. कमरेपर्यंत वेणी होती हो माझी. एकच सामना, एकच वेणी, असा माझा हिशेब. आणि जिंकले. चार–शून्य. दुसऱ्या दिवशी हे मफलर घेऊन कबरस्तानात गेले तर तिथं फेरियाच्या जत्रेसारखी गर्दी, जो तो आपापल्या बापाला सांगायला आलेला. त्या दिवशी वेणी कापताना मला जराही वाईट वाटलं नाही, खरंच सांगते.

पण पुढच्या वर्षी पुन्हा तोच अंतिम सामना. आता एकदा वेणी दिल्यावर दुसऱ्यांदा नुसती मेणबत्ती लावून कसं चालेल? म्हटलं, कॉफीतली साखर सोडते. पेनल्टीवर जिंकले. मग सात वर्षं गप्प होते, मला वाटलं झालं, आता म्हातारपण सुखात जाईल. कसलं काय, चौदा साली पुन्हा पेनल्टीवर जिंकले आणि मी पंधरा ऑगस्टला माउलीच्या मिरवणुकीमागून अनवाणी चालले. पंधरा साली जिंकले, माझी फेरियातली वाइन गेली. सोळा साली अर्ध्या वेळेला मागे होते, मला चक्क आशा वाटली, म्हणजे देवा क्षमा कर, वाईट अर्थानं नाही, पण नवसात पवित्र आठवड्यातल्या तोरिखा बोलून बसले होते, आणि त्या मला फार आवडतात हो, दुधात भिजवलेला तो पाव, वर मध... मध्यंतरानंतर चेंडू हलला न हलला तोच गोल. जिंकले. लागोपाठ तीन. हे कोणाला जमलं नव्हतं म्हणे, आणि जमणार कसं, लागोपाठ तीन वर्षं सोडण्यासारखं सामान किती घरांत असतं?

वीस साली तर सगळे घरात कोंडलेले, तिकडे मैदान रिकामं, प्रेक्षक नाही, पाहुणा नाही. तेव्हा सोडलेली गोष्ट सगळ्यांत अवघड. म्हटलं, माउली, माझ्या होणाऱ्या विहीणबाईंना मी मनातल्या मनातसुद्धा काही बोलणार नाही. आता विहीणबाई सेतेफिया म्हणजे कोण, तर पक्क्या बेतिसवाल्या. बेतिस हा आमच्याच गावातला दुसरा संघ, हिरवा-पांढरा. अशी माणसं वाईट नसतात, माझं काही म्हणणं नाही, आता म्हणताच येत नाही ना. जिंकले.

आमच्या लेकीनं, वाल्मेनं, त्यांच्या मोइसेसशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आमच्या ह्यांनी आठवडाभर घरात रेडिओ लावला नव्हता. शेवटी दोन्हीकडची माणसं बसली आणि ठरलं, लग्न त्यांच्या हेलिओपोलिस पेठेतल्या चर्चमध्ये, पहिलं मूल आमच्या क्लबात. वाल्मेला दिवस गेले तसा ह्यांनी क्लबाचा अर्ज आणला, भरला आणि फ्रिजला चुंबकानं लावून ठेवला. नाव आणि जन्मतारीख तेवढी कोरी. आमच्याकडे पोराचं कार्ड बाप्तिस्म्याच्या आधी येतं, ही रीतच आहे. ह्यांचे आजोबा, वडील, हे स्वतः, वाल्मे. येणारं मूल पाचवी पिढी. हा माणूस कॉफी प्यायला आला की त्या अर्जाकडे बघायचा आणि न बोलता निघून जायचा, इतका आनंद.

आणि अशात तेवीस साल उजाडलं. त्या वर्षी संघ काय खेळत होता, विचारू नका. दोन प्रशिक्षक काढले, तिसरा आणला, लीगच्या तक्त्यात आमचं नाव खालून शोधायचं. पण युएफाचा कप म्हटल्यावर त्यांच्या अंगात काय संचारतं देव जाणे, मोठ्यामोठ्यांना घरी पाठवत पाठवत पोचले की अंतिम सामन्याला, रोमवाल्यांसमोर. आणि सोडायला काही उरलंच नव्हतं हो माझ्याकडे. वेणी नाही, साखर नाही, वाइन नाही, तोरिखा नाही, निंदा नाही. एका बाईनं किती पवित्र व्हायचं?

म्हणून मी ठरवलं, या वेळी नवस बोलायचाच नाही. गोगलगायी धुवायला घेतल्या. मे महिन्याच्या शेवटी गोगलगायी शिजत नाहीत असं घर आमच्याकडे सापडायचं नाही, आणि त्यांना सात पाणी लागतात, तेवढाच वेळ जातो. बाहेर हे, सात महिन्यांची पोटुशी वाल्मे, मुलगी आहे हे डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि जावई मोइसेस, बिचारा हिरवा असून सेवियाच्या तांबड्या माणसांत मान खाली घालून बसलेला. मी टीव्हीसमोर जात नाही, कधीच गेले नाही, माझा सामना भिंतीपलीकडून चालतो. एक–एक झाले, ते कळलं. जादा वेळ संपला, ते कळलं. पेनल्टी सुरू झाल्या, ते ह्यांच्या श्वासावरून कळलं. मग ओरडा, मग शांतता, मग ओरडा... आणि एकदम ह्यांचा आवाज, असा तुटलेला: "अडवला गं. आपला अडवला त्यानं."

संपलं, मला वाटलं. हात तसेच गोगलगायींच्या पाण्यात, वर बघितलं तर माउली, खाली बघितलं तर... तो अर्ज. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माउली, हा सातवा दे, माझी नात बेतिसला देते.

शब्द हवेत आहे तोवर बाहेरून मोइसेसचा आवाज: "थांबा, थांबा, गोलकीपर रेषेच्या पुढे आला होता. पुन्हा मारायला दिलीय."

पुन्हा मारायला दिली, तुम्हाला सांगते. झालेली गोष्ट माझ्यासाठी परत घेतली. मला आनंद नाही, भीती वाटली. म्हटलं, माउली, अगं इतक्या लगेच? मी अजून विचारसुद्धा केला नाही नीट...

जिंकले.

सगळं गाव रस्त्यावर, हे जावयाला मिठी मारून रडतायत, आणि मी आठव्या पाण्यानं गोगलगायी धुतेय.

आता हे सांगणार कुणाला? मी आमच्या फादर आनिसेतोंकडे गेले. फादर स्वतः बेतिसवाले, झग्याखाली हिरवे मोजे घालतात हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. मुद्दाम त्यांच्याकडेच गेले, आपल्यातला फादर आपल्याला सोडवणारच, त्यात काय अर्थ? म्हटलं, "फादर, मी माझी नात देऊन बसले."

ते दचकलेच. "कुणाला दिलीत, एन्कार्नाबाई?"

"तुम्हाला. म्हणजे तुमच्या क्लबाला."

सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा खोकला आला असं दाखवून हसून घेतलं, मग म्हणाले, "हे बघा, जे आपलं नाही ते देवाला देता येत नाही. पोर वाल्मेचं. हा नवस लागूच होत नाही. त्याच्याऐवजी महिनाभर आजाऱ्यांना जेवण पोचवा आणि मोकळ्या व्हा."

"पण फादर, तुमच्यात एक माणूस वाढत होता की."

"वाढू दे सावकाश. फुकटचं घ्यायची आम्हाला सवय नाही, बाई. आमच्याकडे सगळं सोसून मिळतं."

काय माणूस बघा. दारात आलेलं लेकरू परत पाठवतो आणि वर आशीर्वाद देतो. मी महिनाभर डबे पोचवले. तरी मनाला बरं वाटेना. एस्त्रेयाचा जन्म झाला, तळव्याएवढं तोंड, ह्यांच्यासारखंच कपाळ, आणि मला तिच्याकडे बघवेना. पंधरा ऑगस्टला माउली कॅथेड्रलातून बाहेर पडली, माझ्यासमोरून गेली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिनं झालेली गोष्ट परत घेतली होती माझ्यासाठी. मी दिलेला शब्द परत घेऊ?

सोमवारी हे इस्त्रीचा सदरा घालून निघाले, अर्जात नाव आणि तारीख अगदी मोत्यासारख्या अक्षरात भरलेली. मी दारात आडवी गेले आणि सांगून टाकलं.

ह्यांनी हळूच विचारलं, "तू बोललीस तेव्हा गोल किती झाले होते?"

"मला काय माहीत? मी गोगलगायी धूत होते."

"तीन–एक." हे खाली बसले. "अगं, तीन–एक आपलेच पुढे होते. तो चुकला असता तरी पुढची होती. आपण जिंकतच होतो, एन्कार्ना."

चार पिढ्या, आणि मी जिंकत असलेल्या सामन्यावर लावून आले. मी म्हटलं, "फादर म्हणाले, नवस लागू होत नाही. तुम्ही जा, अर्ज देऊन या."

"फादर बेतिसवाला आहे. त्याला अंतिम सामन्यातलं काय कळतंय?" हे म्हणाले. मग उठून बाल्कनीत गेले, परत आले, आजोबांच्या फोटोसमोर उभे राहिले. "तू बोललीस ते पंचांच्या शिट्टीच्या आधी की नंतर?"

"आधी."

ह्यांनी छातीवर क्रूस काढला. "सात गेलो, सात जिंकलो, एन्कार्ना. असं जगात कुणाचं नाही. तिला दिलेला शब्द मोडून आठव्याला कुठल्या तोंडानं जायचं?" आणि तो अर्ज, ती मोत्यासारखी अक्षरं, चार घड्या करून खिशात ठेवली. फाडला नाही. फाडावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

वाल्मे म्हणाली, "आई, मला विचारायचंस तरी." आणि हसत सुटली. जावई हसला नाही, शहाणा आहे. संध्याकाळी विहीणबाई सेतेफिया आल्या, नवा हिरवा अर्ज हातात, पण पुढं करायला तयार नाहीत. म्हणाल्या, "असं कसं घेऊ हो मी? चार पिढ्यांचं आहे तुमचं."

"घ्या, विहीणबाई. बोललेलं आहे."

"बघा हं. आमच्यात आली म्हणजे पोर हरायला शिकेल."

"शिकू दे," मी म्हटलं, "आमच्या घरात ते कुणालाच येत नाही."

त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. निंदा सोडल्याचा एवढा उपयोग झाला म्हणायचा. हे आतून मफलर घेऊन आले, वडिलांचा, आणि एस्त्रेयाच्या पाळण्यावर ठेवून म्हणाले, "पांघरूण म्हणून चालतं ना? पांघरुणाला क्लब नसतो." विहीणबाईंनी तो नीट खोचला. तेव्हा मी पहिल्यांदा पोरीकडे पोटभर बघितलं, आणि माउलीकडेही.

आता लेकरू हिरव्या मोज्यांत पाय झाडत झोपतं, मीच विणलेत. मी ह्यांना म्हटलं, "अहो, सगळं देऊन झालं. आता आठव्या कपाला द्यायला या घरात तुमच्याशिवाय काही उरलेलं नाही."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. म्हणाले, "दे. पण बोलायच्या आधी एकदा बाहेर येऊन गोल किती झालेत ते बघून जा."