कापलेला बूट

सुलेखा : आई, माझ्या टेबलावरचा तपकिरी बूट पाहिलात? दोन तुकडे होते बघा.

सरोजिनी : होते! आता जा, बाहेरच्या रॅकवर बघ. सासूला दुवा देशील.

सुलेखा : (बूट हातात घेऊन) अहो, हा शिवलाय!

सरोजिनी : शिवलाय, चिकटवलाय, वर पॉलिशसुद्धा. इथल्या मेट्रोच्या बुओना व्हिस्टा स्टेशनपाशी ते चिनी अंकल बसतात ना, त्यांच्याकडून. सगळं खुणांनी बोललो. जोडीतला दुसरा कुठाय, विचारत होते बिचारे.

सुलेखा : दुसरा नाहीचे! स्वीडनच्या मोच्यांनी हा मुद्दाम कापून पाठवला होता. आतले थर दिसावेत म्हणून.

सरोजिनी : धडधाकट बूट कापला? आणि वर पोस्टाने पाठवला? काय बाई एकेक थेरं!

सुलेखा : मी त्यांच्या शब्दांचं इंग्लिश करतेय, आई. पायाखालचा थर 'बिंडसूला', जमिनीवर झिजतो तो 'स्लीतसूला'. प्रत्येकाचं नाव वेगळं, सगळीकडे नुसतं 'सोल' लिहून कसं चालेल? आत्ता लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलमध्ये त्यांना एकेक थर दाखवून शब्द पक्के करायचेत. आज जमलं तर त्यांचं अख्खं पुस्तक भाषांतराला मला मिळणार होतं. निशिकांतच्या नोकरीपायी तिकडे राहिलो, त्यातलं एवढं स्वीडिश माझ्या हाती लागलं. तेही आता वाया...

सरोजिनी : पण निशिकांत तर म्हणाला, सुलेखा घरीच असते, हवं तेव्हा हाक मार.

सुलेखा : तो सगळ्यांना तसंच सांगतो.

सरोजिनी : आणि मला वाटलं, पोर फाटका बूट जपून ठेवतेय, नवा मागायचा संकोच वाटत असेल. म्हटलं, आपणच गुपचूप करून आणावं. चुकलंच गं माझं.

सुलेखा : असू द्या. ब्रेडची सुरी कुठाय?

सरोजिनी : ठेव ती! बोट कापून घेशील. उसवायचं मला दे. जन्मभर ब्लाउज उसवलेत, हा तर बूट. टाका कापायचा, चामड्याला हात लावायचा नाही... हं, ओढ आता.

सुलेखा : निघाला! थर दिसतायत, आई!

सरोजिनी : मग बघत काय बसलीस? पळ आत. दार लावून घे.

सुलेखा : माझा फोन बाहेरच राहू दे. वाजला तर...

सरोजिनी : वाजलाच बघ. जा तू, मी घेते. हॅलो, निशिकांत? आईच बोलतेय. सुलेखा कामावर गेलीय... कुठे म्हणजे? आतल्या खोलीत.