दाढी केल्यार बांडगूळ मरत नाय

माझो जन्म मसुऱ्याच्या बाजूक, आमच्याच वाडीत, आणि मरान पण थंयच येतला, मधल्या सत्तर वर्सात झाडार चढलंय आणि झाडावरना उतारलंय, दुसरा काय केलंय नाय. बापूस लोकांच्या आंब्यांवरची बांडगुळां काढी, मी पण ताच करतंय. बांडगूळ बघलास मां तुमी? पाना हिरवीगार, फुलां तांबडी, लांबसून बघशात तर म्हणशात काय बरा दिसता, पण मूळ मातीत नाय, आंब्याच्या फांदयेत खुपसलेला. पाणी आंब्यान ओढूचा आणि पिवचा ह्येना. फळ खावक एक इवलोसो पक्षी येता, बी चिकट, ती तो दुसऱ्या फांदयेक पुसता, झाला, थंय दुसरा बांडगूळ.

पण झाडार रवणारे सगळेच असले नसतत हां, उगाच कोणाक बोल लावचो नाय. सीतेची वेणी बघा, फांदयेक धरून रवता, पावसात फुलता, झाडाचा थेंबभर पाणी पियत नाय. माझ्या बाईलीची आवस आमच्याकडे आठ वर्सा रवली, ती तशी. आणि तांबडे मुंगळे तर त्याहून बरे. ते पाना शिवून घर बांदतत, झाड तेंका घर देता आणि ते झाडाची राखण करतत. काजीच्या, म्हणजे काजूच्या झाडाच्या, मोहोराक ढेकण्या म्हणान कीड लागता, रस पिता, मोहोर काळो पडता. मुंगळे असले की ढेकण्या जवळ येणा नाय. मी काय करी, मुंगळ्यांचा घर फांदयेसकट कापून हाडी, चावान चावान अंग सुजा, आणि एका काजीपासून दुसऱ्या काजीक सुंब बांदी, मुंगळ्यांक जावक येवक वाट. लोक हसत, म्हणत सद्यान मुंगळ्यांक साकव घातल्यान. हसांदे. माझ्या तीस काजींक मी कधी औषध मारलंय नाय, आणि ह्या घर त्या काजींवरच चलला.

आता भाल्याचा सांगतंय. भालो माझो चुलतभाव, मधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे तेचा घर. तेच्या खळ्यासमोर, अंगणासमोर, हापूसची सात कलमां, माझ्याच बापाशीन लावलेली, वाटणीत तेंका गेली, जावंदे, तेचा माका दुख नाय. भालो माका म्हणी, सद्या, तुझे मुंगळे माझ्या गड्यांका चावतत. मी म्हटलंय, तुझ्या गड्यांक सांग गडगो चढू नको. ह्या बोलणा थंयच रवला असा माका वाटला. मगे मी आणि बाईल धामापुराक चेडवाकडे गेलो, नातवाच्या बारश्याक, चार दिवस. परत येतंय तर माझ्या काजींखाली तांबडो सडो. मुंगळे हो! हजारांनी मेलेले. भाल्यान पंप घेवन माझ्या झाडांवर औषध मारल्यान, आणि ती सुंबा पण कापून टाकल्यान. काय सांगू तुमका, बापूस मेलो तेव्हा रडलंय नाय तितक्या रडलंय. त्या वर्साक मोहोर सगळो काळो झालो. आणि भालो माका इचारता, सद्या, यंदा काजी कशी काय रे धरली नाय?

बोलणारो माणूस सूड घेणा नाय.

पावस सरल्यार दरवर्साप्रमाणे भाल्यान माका बांडगुळां काढूक बोलावल्यान. मी गेलंय. आता ह्या कामाची खूण सांगतंय तुमका. बांडगूळ काढूचा म्हणजे तेचा मूळ घुसता त्या गाठीच्या खाली हातभर फांदी कापूची लागता, आंब्याची चांगली फांदी, जीवार येता, पण कापूची लागता. नुसती पाना छाटलास तर बापूस तेका म्हणी दाढी केली. दाढी परत येता, दाट येता. मी भाल्याच्या सातय कलमांची दाढी केलंय. खाली ढीग पडलो, भालो खूश, चाय दिल्यान. दुसऱ्या वर्साक दाढी, तिसऱ्या वर्साक दाढी.

तिसऱ्या वर्साक वाडीच्या देवाक, राखणदाराक नारळ ठेवतानाची गजाल. वाडीचा गाऱ्हाणा घालूचो मान आमच्या घराक. मी सगळा सांगितलंय, वाडी राख, ढोरां राख, आणि मगे म्हटलंय, बा म्हाराजा, जो कोण दुसऱ्याच्या पानातला ओढता आणि राखणदारांक मारता, तेचो तू झाडापेडासकट सोक्षमोक्ष लाव! सगळी वाडी म्हणाली व्हय म्हाराजा, आणि सगळ्यात मोठ्यान कोण? भालो! माका रात्री जेवान गोड लागला.

पुढच्या वर्साक चार कलमां वाळली, तीन अर्धी. भालो सकाळी माझ्या खळ्यात इलो. माका धीर धरवलो नाय, म्हटलंय, भाल्या, मीच गाठी ठेवलंय. तो म्हणता, माका म्हायत आसा, पयल्याच वर्साक बघलंय. मी म्हटलंय, मगे गप कित्याक रवलंस? तर म्हणता, बोललो असतंय तर तू मुंगळ्यांचा इचारलं असतंस. मी म्हटलंय, आणि गाऱ्हाण्यात व्हय म्हणान बोंबललंस ता? म्हणता, गाऱ्हाण्याक नाय म्हणूक येता काय रे? मगे खाली बघून म्हणता, सद्या, आता फिटला मां?

बघा, चार वर्सा मी सूड घेतंय म्हणान सुखात होतंय आणि ह्यो माणूस शिक्षा भोगतंय म्हणान सुखात होतो! माझो सूडच नासवल्यान हो. आणि पक्षी काय गडगो बघता? भाल्याकडचा बांडगूळ माझ्या तीन काजींर इला, ती मी हातभर कापून काढलंय, मुंगळे अजून एकाच झाडार परत इलेत. मी तेका म्हटलंय, नाय. फिटूक नाय. फिटूचा पण नाय.

आता गुडघे चढूक देणत नाय. भालो पंच्याहत्तरीक इलो, रोज सकाळी खळ्यात खुर्ची टाकून बसता, समोर ती वाळकी कलमां, दुसरीकडे बघूक जागा नाय. तुमी जाताना तेच्याच खळ्यावरना जातलास. तेका सांगा, सद्यान आशीर्वाद दिल्यान, शंभर वर्सा जग आणि डोळे शाबूत रवांदेत.