चार पेट्यांचं एक दार

“उद्या हॉलमध्ये हे जमलं नाही ना आई, तर मी सरळ...” आणि धाडकन दार बंद! आता तुम्हीच सांगा, सरळ काय? सरळ कुठे? माणसाने बोलावं तर पुरतं बोलावं, नाहीतर आधी दार लावावं! अर्धं वाक्य जिन्यात आणि अर्धं घरात, हा काय न्याय झाला? तुम्हाला वाटेल, मी कान लावून उभी होते. छे हो! मी आपली दारातलं चपलांचं कपाट पुसत होते. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात!

पण बोलली कोण, तर समोरच्या वहिनींची सून. मुलगा बोटीवर, घरात सासू-सून दोघीच. सून गाण्याबजावण्याच्या हॉलमध्ये साऊंडचं काम बघते. आठवडाभर बघत होते मी, तोंड एवढंसं झालेलं पोरीचं, आणि त्यात हे ‘मी सरळ’! म्हणजे काय, सून घर सोडून चालली! एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून घास उतरेल का? फक्त खालच्या शिंपीणबाईंना सांगितली, तीही “कुणाला बोलू नका” म्हणून. तर संध्याकाळी वरचे मास्तर तीच बातमी मलाच सांगायला आले, आणि जाताना म्हणाले, “कुणाला बोलू नका हं!” काय दिवस आलेत!

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले मी हॉलवर. म्हणजे जाणार नव्हते, पण तिची छत्री जिन्यात राहिली होती ना. आभाळात ढग नव्हता, ते सोडा.

स्टेजच्या मागे बघते तर काय, ही पोर जमिनीवर मांडी ठोकून बसलेली, पुढ्यात चार काळ्या पेट्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक अँटेना, आणि स्टेजवर चार गाणारे, प्रत्येकाच्या कानात ऐकायचं बोंड. प्रत्येकाची आपली पेटी, आपापला आवाज आपापल्या कानात यायचा, असा हिशेब. पण येत होतं काय? खर्रर्र! त्यातले थोरले गवई, पांढरे केस, एका कानाने जरा कमीच, ते तर कानातलं काढून ओरडले, “बाई, मला माझं गाणं हवंय, तुम्ही तर पापड तळताय!” आणि मॅनेजर दारात मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत, “पाचला तालीम. पाचपर्यंत स्वच्छ ऐकू आलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस.” आणि गेला! पाणीसुद्धा विचारलं नाही हो पोरीला!

“काकू? तुम्ही इथे?”

“छत्री,” म्हटलं. “पण हे काय गं?”

तर म्हणाली, “चार अँटेना अशा खेटून उभ्या केल्या ना, की एकीचं दुसरीत घुसतं, आणि भलतंच काहीतरी तिसरं ऐकू येतं.” अगं, म्हटलं, हे तर आमच्या चार जावांचं झालं! एका ओट्याशी चौघी उभ्या राहिल्या की भाजी राहायची बाजूला आणि भलतंच शिजायचं! ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली, तुम्हाला सांगते.

मग तिने एक चपटा डबा काढला. कम्बायनर म्हणतात त्याला. चारी पेट्यांच्या अँटेना काढायच्या, चार आखूड केबली डब्याला जोडायच्या, आणि डब्यातून एकच लांब केबल स्टेजच्या कडेला स्टँडवरच्या मोठ्या अँटेनाला. चौघींचं बाहेर जायचं दार एक! मला इतकं आवडलं म्हणून सांगू... मी केबली धरल्या, चिकटपट्टी तोडून दिली. तिने पहिल्या पेटीचं बटण दाबलं, फिरवलं, परत दाबलं, कागद बघून तिच्या लहरींचा नंबर लावला, बाकी तिघींनाही कागदावरचा आपापला लावला, आणि म्हणाली, “काकू, मी अँटेना उभी करून येते. कशाला हात लावू नका हं.”

कशाला लावेन? आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात!

पण मला सांगा... डबा एक, अँटेना एक, आणि नंबर मात्र चार वेगवेगळे? घाईत चुकली असेल पोर. आणि बटण काय, आमच्या वॉशिंग मशीनपेक्षा सोपं! दाबलं, फिरवलं, दाबलं. चौघींना एकच नंबर. कसं छान दिसत होतं!

ती आली, डबा चालू केला, आणि स्टेजवर चौघांनी एकदम कान धरले! आधी खर्रर्र होतं, आता नुसता कल्लोळ! पोरीचा चेहरा पांढरा. केबल काढ, केबल घाल, ही बदल, ती बदल... साडेचार. पावणेपाच. कपाळाचा घाम बाहीने पुसत पुटपुटली, “संपलं काकू. डबाच खराब निघाला.” आणि मॅनेजर परत दारात!

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण दुसऱ्याचं पोर आपल्या पायी नोकरीला मुकतंय आणि आपण छत्री धरून उभं राहायचं? बोलले मी. मॅनेजरसमोरच बोलले, “डबा चांगला आहे. नंबर मी बदलले. सगळ्यांना एकच दिला.”

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर कागद उचलत म्हणाली, “काकू, घराचं दार एक असलं म्हणून चारी पोरांचं नाव एकच ठेवतात का? हाक मारली की ओ कोण देणार?” आणि भराभरा चारी नंबर परत लावले. मी हात पाठीमागे बांधून उभी. स्वतःच बांधले.

पाचला पाच कमी. थोरल्या गवयांनी सूर लावला, आणि मध्येच थांबले. डोळे मिटलेले. मॅनेजरचं बोटसुद्धा घड्याळावरच अडकलेलं.

“किती वर्षांनी माझाच आवाज मला नीट ऐकू आला,” म्हणाले. “बराच बेसूर गातो की मी! कुणी बोललं कसं नाही?”

हशा पिकला हो! मॅनेजर म्हणाला, “उद्या वेळेवर या.” तो तेवढंच बोलतो म्हणे, खूश झाला तरी.

परतताना राहवलं नाही, विचारलंच, “मी सरळ... काय गं?”

“मी सरळ हे काम सोडून देईन, असं म्हणत होते.” म्हणजे घर नव्हे, काम! आणि तेही आता सुटत नव्हतं! शिंपीणबाईंना जाऊन सांगावं लागलं, मास्तरांना सांगावं लागलं... किती दगदग!

आणि ऐका, आठ दिवसांनी समोरच्या दारात दोन बॅगा! थोरले गवई गावोगाव कार्यक्रम करत निघालेत, म्हणाले, माझ्या कानाला हीच पोर हवी; मॅनेजरने तिला महिन्यासाठी सोडली; आणि ती सासूला म्हणाली, “आई, तुम्ही एकट्या काय करणार, चला!” म्हणजे बघा, सून घर सोडून चालली हे काही अगदीच खोटं नव्हतं. फक्त सासूला घेऊन चालली!

किल्ली माझ्याकडे देऊन गेल्यात. चपलांचं कपाट सकाळपासून तीनदा पुसलं. समोर कुलूप. बोलायला कुणी नाही, त्यामुळे ऐकायलाही काही नाही. अख्खा महिना आता... आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि या वेळी खरंच हो!