भैरोबाच्या देवळातले कुलूप मी फोडले त्याबद्दल

पोलीस चौकी, चाकण. सन १९५६, चैत्री यात्रेचा दुसरा दिवस.

मी सारजाबाई कोम कोंडीराम येळवंडे, वय अदमासे चाळीस, धंदा शेती व कांद्याच्या वखारीत निवडणीची मजुरी, राहणार खालची वाडी, नजीक चाकण. नवरा हयात नाही. समक्ष हजर राहून, विचारले त्याचे उत्तर देते ते असे.

ज्योतीराम ऊर्फ जोती सावळा लिंभोरे हा माझा पाठचा भाऊ. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. त्याला दुखणे आहे. दुखणे चढते तेव्हा झोपत नाही, दोघांचे काम एकटा ओढतो, बाजाराला नेलेले कांदे वाटेत दिसेल त्याला वाटून मोकळा होतो. उतरते तेव्हा घोंगडीतून तोंड काढत नाही, घास भरवावा लागतो. त्याला आवाज ऐकू येतात. समोर कोणी नसते, तरी येतात. चाकणच्या डॉक्टरांनी मला सांगितले आहे की हा मनाचा आजार आहे, बाहेरचे काही नाही.

आवाज आला की तो मला विचारतो, "आक्का, तुला बी ऐकू आलं का?" मी खरे तेच सांगते. मला ऐकू आले नसेल तर न्हाई म्हणते. खरोखर कुत्रे भुंकले असेल तर व्हय म्हणते. एवढ्यावर त्याचे निभते. मी त्याला कधी फसवले नाही. गावाने फसवले.

आमच्याकडे यात्रेत भाकणूक होते. ज्याच्या अंगात देव येतो तो यंदा पाऊसपाणी कसे होईल ते सांगतो. म्हातारे भगत वारले त्या साली देवस्थानचे पंच बबनराव यांनी जोतीला पुढे केले. तेव्हा दुखणे चढतीवर होते. तो बोलत सुटला आणि लोकांनी तो देवाचा शब्द धरला. नेमका पाऊसही बरा झाला. मग काय विचारता! भंडारा, हार, नारळ, बायाबापडे पायावर. मी दरसाल सांगत आले, "अवो, त्यो आजारी हाय, त्याला निजू द्या." बबनराव म्हणायचे, "बाई, तुला देवाधर्मातलं काय कळतंय?"

यंदा यात्रेच्या तोंडावर दुखणे उतरले. काल सकाळी मी वखारीत असताना चार गड्यांनी त्याला अंथरुणातून उचलून देवळात नेले. पुढचे मला शेजारीण शालनबाई हिने पळत येऊन सांगितले. भाकणूक विचारली तेव्हा जोती म्हणाला, "आवाज मला मर म्हणतोय. ह्यो देव असंल तर तुमीच ऐका त्याचं." यावर बबनराव म्हणाले, देव निघून गेला, भूत शिरले. देव परत येईपर्यंत बांधून ठेवायचे ठरले. बैलाची साखळी त्याच्या पायात घालून ती कुलपाने खांबाला जखडली. गरज सरो, वैद्य मरो.

मी वखारीतली पहार घेऊन गेले. भर दुपार होती, सगळा गाव बघत होता. लपूनछपून काही केले नाही. बबनराव आडवे आले. मी म्हणाले, "माझ्या भावाला हात लावून तर बघा." हा दम मी दिला हे खरे आहे. ते म्हणाले, देव कोपेल. मी म्हणाले, "कोपू द्या. त्याला म्हणावं ये माझ्या दारात, मी बघते." हेही लिहून घ्यावे. कुलूप फोडले आणि पायातल्या साखळीसकट भावाला घरी आणले. मला फार राग आला होता. अजून आहे.

मी साखळी चोरली अशी बबनरावांची फिर्याद आहे. चोराच्या उलट्या बोंबा! ही साखळी टेबलावर ठेवली आहे, कड्या मोजून घ्याव्यात. जोतीच्या घोट्याचे कातडे सोलवटले आहे, ते पंचनाम्यात घ्यावे.

भावाला पंचांच्या ताब्यात देता काय असे विचारले. देत नाही. वेड्यांच्या इस्पितळात का धाडत नाही असे विचारले. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी नेईन आणि सोबत राहीन. बबनराव म्हणतात म्हणून नेणार नाही. देवळात जाऊन माफी मागता काय असे विचारले. माफी त्यांनी जोतीची मागावी. पुन्हा बांधला तर काय कराल असे विचारले. पुन्हा फोडीन. पहार वखारीतच आहे.

माझ्या सांगण्यावरून हा जबाब जमादारांनी मोठ्याने वाचला, दारातल्या बाकावर बसलेल्या भावालाही ऐकू जाईल असा. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे. वाचन चालू असता भावाने मान वर करून विचारले, "आक्का, ह्ये तुला बी ऐकू येतंय का?" मी म्हणाले, "व्हय जोती, समद्यांना ऐकू येतंय."

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सारजाबाई येळवंडे.