जा, मोजून ये

...न्हाई, मला एवढंच सांगा, आमच्या दादाला ‘जा, मोजून ये’ असं म्हणालं कोण? माझा एवढा एकच प्रश्न हाय. दहा शनिवार हेच इचारलं. मंगोलियाची राजधानी इचारा, दादाच्या टेबलावरची ही तिघं तोंडातला फुटाणा न गिळता सांगत्यात. ऑक्टोपसला काळजं किती? तीन. लगेच. तीन काळजं असत्यात म्हणं त्या जनावराला, आन् ह्या तिघांत मिळून एक न्हाई, ते जाऊद्या... पण दादाला म्हणालं कोण, असं इचारलं की तिघंबी टेबलावरचा डाग बघाय लागत्यात. जसा काय डाग उत्तर देणार हाय.

तुम्हाला सांगतो, मुळात परमिट रूममधी बसून प्रश्न इचारायचं खूळच घाणेरडं. सांगलीत विश्रामबागेच्या अलीकडं ती खोली. खिडकी न्हाई. पंखा हाय, पण त्यो वारा देत न्हाई, ह्या टेबलाचा वास त्या टेबलाला नेऊन देतो. टेबलावर प्लास्टिक, त्यावर कोपर ठेवलं की परत सोडवून घ्यावं लागतंय. आन् ह्या असल्या उकिरड्यात मालकाच्या डोक्यात आलं की शनिवारी सांजचं सहाला जनरल नॉलेज ठेवायचं! म्हणून पेन्शनीतल्या मानसिंग मास्तराला आणला, त्याला एक स्टूल दिलं, एक फळा दिला. मास्तर दारूला शिवत न्हाई, लिंबू सरबत पितो आन् सगळ्यांकडं असा बघतो की जणू आमीच त्याच्या सरबतात पडलोय.

नियम किती? शाळेत नव्हते एवढे. एका टेबलाला चार माणसं. तीन असली तर टेबल बाद. सुरू व्हायच्या आधी रजिस्टर काढून हजेरी, नावं वर्षाच्या सुरवातीला लिहिलेली, मधी बदल न्हाई. एका टेबलाचं एकच उत्तर, दोघं दोन बोलले की शून्य. आन् मास्तरच्या वहीत लिहिलंय ते बरोबर. ज्याला पटत न्हाई त्यानं पुढल्या शनिवारच्या आत लेखी पुरावा आणायचा. अवो, मी चौथीत दोनदा बसलोय, तरी मला कळतंय की पुरावा आणायला लावणारी दारू चढायची कशी?

पण आमच्या दादाला चढायची. दारू न्हाई हो, हे जनरल नॉलेज. आकारामदादा म्हणजे हवालदार आकाराम, पलटणीतनं पेन्शनीवर आलेला. भडंगाची पुडी संपली की पुडीचा कागद वाचायचा. फाटलेला असला तर पुढचं काय झालं म्हणून दुकानदाराकडं परत जायचा. त्याच्या टेबलावर तिघं. लालासाहेब, दहा एकर ऊस आन् दहा एकराचाच गर्व. शमशेर टेलर, ह्यो नुसता सोडा पितो पण उचकी सगळ्यांत मोठी देतो. आन् जोतीराम कंपौंडर, ज्याला औषधाची नावं सोडून समदं येतंय.

तर त्या शनिवारी मास्तरनं इचारलं, ‘कोयना धरणाला दरवाजे किती?’ दादा उठून उभा राहिला म्हणं. ‘सहा.’ मास्तरनं वहीत बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. ‘आठ.’ आता दादा फौजेत जायच्या आधी त्या धरणावर शिमिट वाहायला हुता. म्हणाला, ‘मास्तर, मी डोक्यावर पाट्या वाहिल्यात तिथं.’ मास्तर म्हणाला, ‘डोक्यावरच्या पाट्या हा लेखी पुरावा होत नाही.’ समदी खोली हसली. अंडी सोलता सोलता हसली. आन् त्या हसण्यात कुणीतरी म्हणालं, ‘जा की मग आकाराम, मोजून ये.’

आन् त्यो गेला की! रविवारी सकाळी राजदूत फटफटी काढली आन् गेला. पाटणच्या पुढं वळणावर खडी सांडलेली हुती. तिथनं धरण काय लांब न्हवतं. मोजायचं राहिलंच. त्याच्या खिशात काय सापडलं सांगू? घडी घातलेला कोरा कागद आन् पेन्सिल. सहा मोजायला पेन्सिल, बघा म्हणजे. सहा. माणूस एका हाताची बोटं आन् दुसऱ्या हाताचा अंगठा घेऊन जातो...

तेराव्याला तिघं घरी आले. मला वाटलं, कोण म्हणालं ते सांगायला आले. लालासाहेबानं टोपी काढली, घातली, परत काढली. म्हणाला, ‘ज्ञानू, टेबल बाद होतंय रं. तू बस. नाव आकारामचंच राहील, तू नुसतं हजर म्हण.’ पत्रावळी उचलल्या न्हवत्या अजून. माझ्या हातात भाताचं पातेलं हुतं, ते घालणार हुतो त्याच्या टोपीत. मग म्हणालो बसतो. कुणी म्हणालं ते बघायचंच हुतं मला. दारू पोटात गेली की कवातरी तोंडातनं निघंल, असा माझा हिशेब.

म्हणून दर शनिवारी पंक्चरचं दुकान लवकर बंद करून गेलो. मास्तर हजेरी घ्यायचा. ‘लालासाहेब.’ हजर. ‘शमशेर.’ हजर. ‘जोतीराम.’ हजर. ‘आकाराम.’ आन् मी म्हणायचं, हजर. तुमी कवा मेलेल्या भावाच्या नावावर हजर म्हणून बघितलंय? अंड्याच्या वासात? पहिल्या शनिवारी मी टेबलाकडं बघून पुटपुटलो. मास्तर म्हणाला, ‘मोठ्यानं.’

आन् उत्तरं तर काय, मला एकबी येत न्हवतं. चंद्र पृथ्वीपासनं किती लांब? मी म्हणालो, इस्लामपूरच्या पुढं असंल, गाडीवरनं येताना तसाच दिसतो. टेबलाला शून्य. मग तिघांनी मला सांगितलं, तू फुटाणे खा. खाल्ले. पण फुटाणे खाता खाता इचारायचो, दादाला म्हणालं कोण?

लालासाहेब म्हणायचा, ‘मी तवा लघवीला गेलो हुतो रं.’

शमशेर म्हणायचा, ‘अल्लाची शपथ, मी सोडा आणाय काउंटरला हुतो.’

जोतीराम म्हणायचा, ‘माझ्या कानात त्या दिवशी कापसाचा बोळा हुता.’

म्हणजे बघा, एक मुतारीत, एक काउंटरला, एक बोळ्यात. मग दादाला कुणी सांगितलं, खुर्चीनं? खुर्ची म्हणाली जा, मोजून ये? किळस आली मला त्या तिघांची. जगातल्या समद्या नद्या तोंडपाठ, आन् आपल्या तोंडातनं काय निघालं ते एकालाबी ठाऊक न्हाई.

दहाव्या शनिवारी घरी आलो आन् वहिनीपुढं बडबड बडबड केली. वहिनी ज्वारी निवडत हुती. मी म्हणालो, त्या तिघांना विहिरीत ढकलतो. म्हणालो, खुनी हायत. म्हणालो, एकानं तरी कबूल करावं की न्हाई? वहिनीनं सूप खाली ठेवलं. लय दिवसांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

‘भावजी, त्या शनिवारी हे घरी आले तवा तुमी जेवत हुता.’

‘मग?’

‘सहा का आठ, सहा का आठ, असं यांनी तुमचं डोकं खाल्लं. तवा तुमी काय म्हणाला?’

मी काय म्हणालो... भाकरी हुती हातात. दिवसभर पंक्चरी काढून अंगात कणकण हुती. आन् दादा आपला, ज्ञानू ऐक, उजवीकडनं मोजलं तर, ज्ञानू ऐक, डावीकडनं मोजलं तर. मी म्हणालो, एवढी खाज हाय तर जा की, मोजून ये, आन् मला जेवू दे.

वहिनीनं सूप परत उचललं. तिला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हुतं, आन् ती मला रोज वाढत हुती.

सोमवारी उजाडताच एसटी धरली. पाटणच्या पुढं त्या वळणावर डोळे मिटले, कंडक्टर म्हणाला, गाडी लागती का? हो म्हणालो. कोयनानगरला उतरून उभा राहिलो आन् मोजले. सहा. उजवीकडनं सहा, डावीकडनं सहा. हापिसात गेलो. कारकून म्हणाला, दरवाजे किती हे लिहून कशाला पाहिजे? सांगितलं कशाला. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची पुढं सरकवली, बस म्हणाला, आन् कागदावर लिहून शिक्का मारून दिला. एक शिक्का पुरत हुता, त्यानं दोन मारले.

अकराव्या शनिवारी लवकर गेलो. मास्तर फळा पुसत हुता, त्याच्यापुढं कागद टाकला. त्यानं वाचला. पुराव्याची मुदत कवाच टळली हुती, तरी वही काढली, आठ खोडलं, सहा लिहिलं, खाली सही केली. म्हणाला, ‘एक गुण वाढला तुमच्या टेबलाचा.’ एक गुण. घ्या.

मग टेबलाशी आलो. तिघांनी मला बघितलं आन् लागलीच खाली, डागाकडं. किळस तीच, पण आता त्या डागाकडं मलाबी बघावंसं वाटाय लागलं हुतं. म्हणालो, ‘दादाला जा, मोजून ये, असं मी म्हणालो हुतो. घरात. तवा तुमी आता वर बघा.’

वर कुणी बघंना. मग लालासाहेबानं टोपी काढली.

‘न्हाई रं. मी म्हणालो हुतो. लघवीला नंतर गेलो.’

‘तुमी नंतर म्हणाला,’ जोतीराम म्हणाला. ‘आधी मी म्हणालो.’

‘चूप बसा दोघं,’ शमशेर म्हणाला. ‘मी म्हणालो. वर हसलो बी.’

आन् जुंपली की त्यांच्यात! अकरा शनिवार कुणी घ्यायला तयार न्हवतं, आन् आता सोडायला कुणी तयार न्हाई. मी आधी, तू कसा आधी, तुझ्या तोंडात अंडं हुतं... बाजूच्या टेबलावरची माणसं ओठाला लावलेले गिलास तसेच धरून बसली. मास्तरच्या तोंडातनं सवयीनं निघालं, ‘एका टेबलाचं एकच उत्तर...’ आन् त्यो मधीच थांबला. लिंबू सरबत बाजूला सारलं. रजिस्टर उघडलं.

‘लालासाहेब.’ हजर. ‘शमशेर.’ हजर. ‘जोतीराम.’ हजर.

‘आकाराम.’

तिघं माझ्याकडं बघाय लागले. मोकळं केल्याबिगर ती माणसं उठणार न्हवती, मरेस्तवर दर शनिवारी तिथंच बसली असती, दादाची खुर्ची राखत. मीच उठलो.

‘गैरहजर,’ म्हणालो. मोठ्यानं.

टेबल बाद झालं. तुम्हाला सांगतो, अकरा शनिवारांत बरोबर उत्तर मी तेवढं एकच दिलं... आन् हजेरीला गुण नसतो.