राळेचा वेत

नेरहून यवतमाळला निघालेल्या बसमध्ये परीक्षेला चाललेली साधना शेंगा सोलत होती. पुढच्या सीटवर तिच्या कॉलेजातल्या शुभदा मॅडम आणि प्रयोगशाळा सांभाळणारा श्रावण बोलत होते.

"आज परीक्षा ना मॅडम, म्हणून काल वेताचे दोन्ही नमुने चकाचक केले."

"चकाचक म्हणजे, श्रावणभाऊ?"

"एकाच्या फळाईवर लालभडक मळ बसेल होता. स्पिरिटनं पुसला. कापूस घरचाच, भाव नाही म्हणून पडून राह्यला."

"अहो, ती त्या फळांवरची राळ होती. जुळ्या बहिणींसारखे दोन वेत, त्या राळेवरूनच तर पोरं ओळखणार होती."

साधनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बरं, जाऊ द्या. काटे आहेत. राळेच्या वेताला ते खोडाभोवती कड्यासारखे, दुसऱ्याला विखुरलेले. तेवढ्यावर निभावेल."



"पोरींच्या बोटाले टोचत होते, मॅडम. कानशीनं घासून टाकले."