बहिर्मुख मुलगी

तुम्हाला सांगतो, जगात माणसं दोनच जातींची, अंतर्मुख आणि बहिर्मुख, हे मला मलकापूरच्या एका लग्नाळू पोरानं शिकवलं. आम्ही व्यापारी कापसाच्यासुद्धा चार प्रती काढतो. यानं अख्खी माणूसजात दोन ढिगांत घातली! महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा. पोरगा पुण्याहून मानसशास्त्र शिकून आलेला. नांदुऱ्यातल्या माझ्या मित्राची मुलगी शांता त्याला दाखवायची होती, आणि हे स्थळ मीच आणलेलं.

पोरगा बापाला घेऊन आला, पोहे झाले. पोरानं विचारलं, "एकटीनं वाचत बसायला आवडतं, की मैत्रिणींत?"

"मैत्रिणींत," शांता हळूच म्हणाली.

पोरानं समाधानानं मान हलवली. "मुलगी बहिर्मुख आहे."

शांताची आत्या ताडकन उठली. "बहिरी-मुकी? काऊन रे, आताच तं बोलली ना थे तुह्यासमोर!"

"आत्याबाई, तसं नाही हो," मी म्हणालो. पण दारात शेजारच्या बाया कान देऊन उभ्या होत्या. हा शब्द गल्लीत गेला असता, तर पोरीला दुसरं स्थळ येणं कठीण. शांतानं ते ओळखलं. दारापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "मले ऐकू येते, बोलताबी येते. अन् या पाहुण्यासंगं मले लगन नाही करायचं. सगळ्यायले ऐकू गेलं ना?"

पोराचा चेहरा उजळला. तो बापाकडे वळला. "बघा बाबा! बहिर्मुखच!"

बाप टोपी घालत उठला. "हाव बे, पास झाला तू. चाल आता, गाडी सुटन."